पांढरा पट्टा

थोरल्यानं टोपीवाल्याच्या नाकावर पहिला ठोसा हाणला तेव्हा तपासनीस बाई अजून शिडीच्या चौथ्या पायरीवरच होत्या. शिडी खालून धाकट्यानं धरली होती. वर गच्चीवर काहीतरी मोडल्याचा बारीक आवाज झाला, मग पत्र्याचं पिंप गडगडलं, आणि मग टोपीवाल्याची ती गावभर माहीत असलेली टोपी कठड्यावरून उडून थेट धाकट्याच्या पायाशी येऊन पडली. हा ठोसा खरं म्हणजे कुणाला पडायला हवा होता हे गावात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस शिडी धरून उभा होता.

"अहो थांबवा त्यांना!" बाई ओरडल्या. "मी अजून काही तपासलेलंसुद्धा नाही!"

तपासायचं कशाला? थोरल्याचं आयुष्यभर हे असंच होतं. हात आधी, तोंड नंतर, आणि डोकं सवड मिळाली तर. बाईंबरोबर बंदोबस्ताला म्हणून दिलेला हवालदार ओट्यावर मोबाइल बघत बसला होता. तो सावकाश उठला, मोबाइल खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं, आणि मग वर निघाला. त्याच्या घरी नेट थोरल्याचं होतं, शिवाय पोर गेलेल्या बापाला अडवायचं कुणी, असा त्याचा चेहरा होता. तो वर पोचेपर्यंत टोपीवाल्याला आणखी चार बसल्या होत्या.

धाकटा टोपी उचलून वर गेला. टोपीवाला भिंतीला पाठ लावून बसला होता. सदऱ्याची पुढची बाजू लाल झाली होती, आणि तो तोंडानं श्वास घेत होता. थोरला त्याच्यावर वाकून उभा होता.

"बोल! तूच केलंस ना? बोल!"

"काय केलं ते तरी सांग," टोपीवाला म्हणाला. नाक बंद झाल्यामुळं त्याला नीट बोलताही येत नव्हतं.

काय केलं ते सांगायचं तर पाच आठवडे मागं जावं लागेल.

शाळेच्या खेळांचा दिवस होता. मैदानावर दोनशे पोरं. दुपारी दोनच्या सुमाराला डोंगरामागून वावटळ आली आणि वावटळीबरोबर लिंबाएवढ्या गारा. पोरं पत्र्याच्या मंडपाखाली पळाली, आणि मंडपच खाली आला. सहा पोरं गेली. त्यातली एक थोरल्याची मुलगी. नऊ वर्षांची. पायाला चाक लावल्यासारखी घरभर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. मैदानाच्या कोपऱ्यात खांबावर एक भोंगा आहे. वादळ येणार असेल तर टेकडीवरच्या हवामान कार्यालयातून तो वाजवतात, वीस मिनिटं आधी, आणि वीस मिनिटांत मैदान दोनदा रिकामं होतं. त्या दिवशी भोंगा वाजलाच नाही.

टेकडीवर एक रडार आहे. त्याच्यासमोर बावीस वर्षं जो माणूस बसतो त्याला गाव ढगवाला म्हणतं. वादळ दिसलं की भोंग्याचं बटण दाबायचं हे त्याचं काम. मग बटण का दाबलं नाही? झोपला होता, दुसरं काय! सरकारी नोकर, दुपारची वेळ. भिंगरीला निरोप दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी थोरला पन्नास माणसं घेऊन टेकडीवर गेला. ढगवाला खुर्चीतून उठला आणि पडद्याकडं बोट दाखवून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिला. "त्या बाजूला पांढरा पट्टा यायचा हो. दोन महिने येत होता. पट्ट्याच्या आड काय आहे ते दिसत नाही. मी वर तीन पत्रं लिहिलीत." पडद्यावर पट्टा नव्हता. स्वच्छ हिरवं वर्तुळ होतं.

"कुठंय पट्टा? दाखव!" थोरला म्हणाला.

"आता नाही. परवापासून नाही. पण होता."

थोरल्यानं चष्म्यावरच ठोसा मारला. उजव्या काचेचा तुकडा डोळ्यात गेला आणि डोळा गेला. नंतर लाथा पडल्या, त्या पन्नासजणांच्या, त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. धाकटा दारात उभा होता. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं नाही की मागं घेतलं नाही. ढगवाला जमिनीवर पडून चाचपडत चष्मा शोधत होता, आणि धाकट्याला दिसत होतं की चष्मा त्याच्या हातापासून वीतभरावर आहे.

ढगवाल्याला नोकरीवरून तात्पुरतं काढलं. वरचे साहेब आले, त्यांनीही पडदा पाहिला, पट्टा नव्हता. माणूस खोटारडा ठरला. थोरल्याला पोलिसांनी ठाण्यात बोलावून चहा पाजून जामिनावर सोडलं.

मग ही बाई आली. रेडिओ लहरी वापरणाऱ्यांवर नजर ठेवायचं जे खातं असतं त्यातली, पन्नाशीची, पांढरे बूट, खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि हातात माशाच्या काट्यासारखा ॲन्टेना. ढगवाल्याची तीन पत्रं तिच्या टेबलावर पोचायला अडीच महिने लागले होते, आणि त्याची तिला लाज वाटत होती, हे तिनं आल्याआल्या सांगितलं. तिनं आजचा पडदा पाहिलाच नाही. साठवलेली जुनी चित्रं काढली. दोन महिने, रोज, चोवीस तास, रडारपासून एका बाजूला सरळ जाणारा पांढरा पट्टा. कुणाच्या तरी गच्चीवरचा वायरलेस डबा रडारच्याच लहरींवर बोलत होता, आणि रडारला त्या बाजूला त्या बडबडीशिवाय काही ऐकूच येत नव्हतं. वादळ त्याच बाजूनं आलं होतं. पट्ट्याच्या रेषेत दोन गच्च्या होत्या जिथं तसले डबे होते. दोन्ही गावाला नेट पुरवणाऱ्यांच्या. पहिली टोपीवाल्याची. दुसरी थोरल्याची.

"आणि पट्टा बंद कधी झाला सांगू?" बाई सकाळी पोलीस ठाण्यात म्हणाल्या होत्या. "वादळाच्या दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी पावणेसातच्या आसपास."

"त्या दिवशी आम्ही पोरीला निरोप देऊन आलो," थोरला म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली गेला. "म्हणजे त्याला माहीत होतं. माझी पोर मारली, आणि मी तिला पोचवून घरी आलो तेव्हा हा गुपचूप बटण फिरवत होता." मग तो धाकट्याकडं वळला. "सापडू दे. पोलिसांच्या आधी मला सापडू दे. मी त्याचं काय करतो बघ."

"हो दादा," धाकटा म्हणाला.

टोपीवाल्याच्या गच्चीवर बाईंनी आता तिघांच्या मध्ये उभं राहून लॅपटॉप उघडला. चेहरा असा की थोरलासुद्धा दोन पावलं मागं सरला.

"ऐकून घ्या," त्या म्हणाल्या. "या लहरींवर रडार आधीपासून आहे. आपले डबे नंतर आले. म्हणून नियम असा आहे, डबा सुरू झाला की त्यानं आधी एक मिनिट गप्प बसून ऐकायचं. रडार ऐकू आलं नाही तरच बोलायचं. बोलता बोलता रडार ऐकू आलं तर दहा सेकंदांत तोंड बंद, दुसरी जागा शोधायची, आणि अर्धा तास त्या जागेवर परत यायचं नाही. डब्याला हे कारखान्यातच शिकवलेलं असतं. पण डब्यात देशांची यादी असते. एखादा शहाणा आपला देश काढून जिथं हा नियमच नाही असा देश निवडतो. मग डबा ऐकायचं सोडून देतो. नुसता बोलत सुटतो, आणि वर दुप्पट जोरानं."

टोपीवाल्यानं सदऱ्याचं टोक नाकाला धरलं होतं. "बघा ना माझ्या डब्यात. बघा. कुठला देश आहे तो बघा."

बाईंनी पाहिलं. देश बरोबर होता. कधीच बदललेला नव्हता. सहा वर्षांच्या नोंदी स्वच्छ होत्या.

"माझं नेट दिवसातनं चारदा एक एक मिनिट बंद पडतं," टोपीवाला म्हणाला. आता त्याला रडू यायला लागलं होतं, दुखण्यानं की रागानं ते त्यालाच कळत नसावं. "गिऱ्हाईकं शिव्या देतात. निम्मी याच्याकडं गेली. सगळे मला विचारतात, त्याचं बंद पडत नाही, तुझंच कसं पडतं? मी काय सांगू? आता तुम्हीच विचारा त्याला. तुझं कसं रे बंद पडत नाही?"

"कारण माझा भाऊ हुशार आहे," थोरला म्हणाला.

तो हे अभिमानानं म्हणाला. धाकट्याच्या हातात अजून टोपी होती. त्यानं ती टोपीवाल्याच्या मांडीवर ठेवली, आणि बाईंनी त्याच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

दुसरी गच्ची चार गल्ल्या पलीकडं होती. बाईंच्या व्हॅनमध्ये पुढं हवालदार, मागं दोघे भाऊ. थोरला सुजलेली बोटं उघडत-मिटत बसला होता. टोपीवाल्याबद्दल त्याला वाईट वाटत होतं का, सांगता येणार नाही. "मग कोण असेल रे?" तो म्हणाला. "रेषेत आणखी कुणीतरी असणार. लपवून ठेवला असेल डबा."

धाकट्याला वाटलं, आता. इथं गाडीत आहोत, पुढं हवालदार आहे, आताच सांगावं.

"दादा, ऐक ना."

"नंतर."

"दादा, महत्त्वाचं आहे."

"म्हटलं ना नंतर!" आणि कोपर बसलं बरगडीत. थोरल्याला ते कळलंही नसेल. बाप लवकर गेला तेव्हा थोरला सोळा वर्षांचा होता आणि धाकटा सहा. त्याच हातानं त्यानं धाकट्याला भरवलं, न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, आणि त्याच हातानं बडवलंही. धाकट्याला आता बत्तीस पूर्ण झाली होती, नेटच्या दुकानाच्या पाटीवर त्याचंही नाव होतं, आणि तरी थोरल्याचा हात नुसता डोकं खाजवायला वर गेला तरी त्याची मान आपोआप आत जायची. तो गप्प बसला. गप्प बसण्याची त्याला सवय होती.

तीन महिन्यांपूर्वीची दुपार त्याला लख्ख आठवत होती. सभागृहाचा मालक फोनवर थोरल्याची आईबहीण काढत होता, कारण भर कार्यक्रमात नेट एक मिनिट गेलं होतं. थोरल्यानं फोन ठेवला आणि म्हणाला, "ते मिनिट बंद कर." धाकटा म्हणाला, "दादा, तसं करता येत नाही, नियम आहे, डबा रडारसाठी थांबतो." "नियम मला शिकवतोस?" आणि कानफटात. धाकट्याच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. भिंगरी टेबलाखाली बसून चित्र काढत होती. बाप बाहेर गेल्यावर ती नळावर जाऊन आपला हातरुमाल भिजवून आली आणि तिनं तो काकाच्या गालाला लावून धरला. "काका, तू पण मार ना त्याला," ती म्हणाली. काकानं हसून तिच्या डोक्यावर टपली मारली आणि मग, गालावरचा रुमाल एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं देश बदलला.

त्यांच्या घराच्या गच्चीवर खांब होता, खांबावर तीन तबकड्या आणि त्यांच्या बुडाशी डबे. खांबाजवळ प्लॅस्टिकची एक छोटी खुर्ची होती. ती हलवायची कुणाची छाती झाली नव्हती. खाली स्वयंपाकघरात वहिनी होती. कुणी आलंय हे तिला कळलं असणार, पण पाच आठवडे ती कुणासाठीच बाहेर येत नव्हती.

"घ्या, बघा," थोरला म्हणाला. "आमच्याकडं लपवण्यासारखं काही नाही. ए, उघडून दे त्यांना."

धाकट्यानं पासवर्ड घातला. चुकला. पुन्हा घातला. पुन्हा चुकला.

"बोटं गळाली का तुझी?" थोरल्यानं टाळक्यात मारली. तिसऱ्यांदा बरोबर पडला.

बाई खाली बसून वाचत होत्या. पहिला डबा ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्यावर त्या थांबल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी हवालदाराकडं बघून मानेनं जवळ यायची खूण केली. हवालदार खांबावरच्या तबकड्या मोजत होता, त्याला खूण दिसली नाही.

"काय झालं?" थोरला म्हणाला. "मोठ्यानं वाचा ना."

"आपण खाली जाऊन बोलू."

"इथंच वाचा!"

बाईंनी वाचलं. दुसरं काय करणार होत्या? "देश बदलला. तीन महिन्यांपूर्वी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं." त्यांनी तारीख सांगितली. "देश परत पहिल्यासारखा केला." दुसरी तारीख सांगितली. ती सांगायची गरज नव्हती. ती तारीख या घरात सगळ्यांना पाठ होती. "संध्याकाळी सहा चाळीस."

थोरला लॅपटॉपवर वाकला.

"तुमचं यंत्र चुकतंय," थोरला शेवटी म्हणाला. शांतपणे म्हणाला. मग धाकट्याकडं वळून, "सांग ना त्यांना."

"बरोबर आहे, दादा."

"काय बरोबर आहे?"

"मी बदलला देश. ते मिनिट बंद करायला."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"तू."

"मी?" थोरला खरोखरच चकित झाला होता. तो आठवायचा प्रयत्न करत होता, आणि त्याला आठवत नव्हतं. इतक्या थपडांमधली एक कुठं आठवायची! "मी कधी सांगितलं?"

"सभागृहवाल्याचा फोन आला होता. मी नाही म्हणालो तर कानफटात मारलीस. भिंगरीनं मग माझ्या गालाला ओला रुमाल लावला. ती टेबलाखाली होती."

आता आठवलं. ते त्याच्या चेहऱ्यावर आलं, आधी डोळ्यांत आणि मग तोंडात, तोंड उघडं पडलं. त्याला टेबल आठवलं की रुमाल आठवला की नुसते टेबलाखालचे पाय, देव जाणे. तो छोट्या खुर्चीकडं बघत होता. माणूस इथंच कोसळला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्याला दुसरी तारीख आठवली.

"आणि त्या संध्याकाळी?" तो म्हणाला. "ते कुणी सांगितलं तुला?"

"ते मी आपणहून. स्मशानात एकजण म्हणाला, ढगवाला सांगतोय रडारला त्या बाजूचं काहीच दिसलं नाही, पण कुणी ते खरं मानलं नाही. माझ्या लगेच लक्षात आलं."

"म्हणजे तुला माहीत होतं. टेकडीवर गेलो तेव्हा."

"हो."

"तू दारात उभा होतास."

"हो."

"तो पट्टा पट्टा म्हणून ओरडत होता. मी त्याचा डोळा..." थोरल्यानं आपला उजवा हात वर धरला आणि त्याच्याकडं पाहिलं. "तू एक शब्द बोलला असतास तर."

"मी भ्यालो होतो, दादा."

पहिला फटका धाकट्यानं येताना पाहिला. दुसरा पाहिला नाही. तिसऱ्याला तो खाली होता आणि तोंडात दातांचा चुरा झाला होता. थोरला ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता, आणि म्हणूनच धाकट्याची पाचावर धारण बसली, कारण थोरल्याला मुकाट्यानं मारताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. बरगड्यांत लाथ बसली, मग त्याच जागी दुसरी. हवालदार मध्ये पडला तर त्याला कोपराचा असा तडाखा बसला की तो डब्यांवर जाऊन आपटला आणि तिथंच विव्हळत राहिला. बाई फोनवर किंचाळून पत्ता सांगत होत्या. मग थोरल्यानं धाकट्याला गळ्याला धरून उचललं, फरफटत कठड्यापाशी नेलं आणि त्याला पाठीवर कठड्यावर वाकवलं. डोकं बाहेर, पाय आत. दोन मजले खाली बाईंची व्हॅन उलटी दिसत होती.

धाकट्याला श्वास येत नव्हता. त्यानं थोरल्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तिथं त्याला भाऊ सापडला नाही. कठड्यावर खांबाचे नट आवळायचा मोठा पाना ठेवलेला होता. तो नेहमीच तिथं असायचा, धाकट्यानंच ठेवलेला. हात चाचपडत त्याच्यावर पडला.

त्यानं पाना थोरल्याच्या उजव्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं हाताला कळलं. पकड सुटली, थोरला मागं कोलमडला आणि गुडघ्यांवर बसला, मोडका हात पुढं धरून. दुसऱ्या घावाची काहीच गरज नव्हती. धाकट्यानं तो घातला, त्याच हातावर, बोटांवर. आणि तिसरा घालायला पाना वर उचलला तेव्हा थोरल्याची मान आत गेली. जशी आयुष्यभर धाकट्याची जायची, अगदी तशीच. ते पाहिल्यावर धाकट्यानं पाना खाली टाकला.

जिन्याच्या तोंडाशी वहिनी उभी होती. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. तिनं दोघांकडं पाहिलं, मग लॅपटॉपशेजारी बसलेल्या बाईंकडं. "काय सापडलं?" असं तिनं विचारलं, आणि बाईंनी लॅपटॉप मिटला. वहिनीनं खांबाजवळची छोटी खुर्ची उचलली आणि ती घेऊन खाली निघून गेली.

दुपारी सरकारी दवाखान्यात दोघांना एकाच बाकावर बसवलं होतं. मध्ये दुसरा हवालदार. थोरल्याचा हात फळीला बांधून गळ्यात अडकवलेला होता. डॉक्टर म्हणाला होता, हात वाचेल, मूठ वळणार नाही. धाकट्याच्या तोंडात कापसाचे बोळे होते. तपासनीस बाई समोर कागद भरत होत्या.

हाडांचा आणि डोळ्यांचा कॉरिडॉर त्या दवाखान्यात एकच आहे. टोकाकडून ढगवाला आला, बायकोचा दंड धरून. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. एका डोळ्यानं चालायची अजून सवय नव्हती, भिंतीचा अंदाज घेत तो भिंतीला चिकटून चालत होता. बाकावर कोण आहे ते बायकोला आधी दिसलं. ती थबकली आणि नवऱ्याच्या पुढं येऊन उभी राहिली.

"चला, आपण नंतर येऊ," ती म्हणाली.

धाकटा उठला. हवालदारानं त्याच्या दंडाला हात घातला, पण बाई म्हणाल्या, "बोलू द्या त्याला." धाकट्यानं तोंडातले बोळे काढून मुठीत धरले. रक्ताची लाळ हनुवटीवर आली ती बाहीनं पुसली.

"पट्टा होता," तो म्हणाला. दात नसल्यानं शब्द फुसकन गेले, म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं. "काका, पट्टा होता. आमच्या डब्याचा होता. मीच लावला होता. आम्ही तुमच्याकडं यायच्या आधी मीच काढला. मला सगळं माहीत होतं आणि मी बोललो नाही."

ढगवाल्यानं आवाजाकडं तोंड वळवलं. एका डोळ्यानं बघायचं म्हणजे अख्खी मान फिरवावी लागे. मारेल, थुंकेल, काहीतरी करेल असं धाकट्याला वाटलं, आणि ते व्हावं असंही वाटलं. पण ढगवाला बायकोकडं वळला.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "होता. तूसुद्धा म्हणालीस, डुलकी लागली असेल म्हणून. मलाही रोज वाटायला लागलं होतं, लागली असेल. सहा पोरं, आणि मला डुलकी लागली असेल." त्याचा आवाज चिरकला. "नव्हती लागली ना?"

"नाही हो," बायको म्हणाली आणि रडायला लागली. "नव्हती लागली. माझं चुकलं."

तेव्हा थोरला उठला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, ओठ हलत होते, पण माफी मागण्याचे शब्द त्यानं उभ्या जन्मात कधी वापरले नव्हते. तो एक पाऊल पुढं आला. फळीला बांधलेला हात त्यानं झोळीतून वर उचलला, जोडण्यासाठी असेल, दाखवण्यासाठी असेल.

ढगवाल्याला फक्त वर येणारा हात दिसला. त्यानं बायकोचा दंड सोडला, भिंतीकडं अंग चोरलं, आणि दोन्ही तळवे उरलेल्या डोळ्यावर घट्ट दाबून धरले.

थोरला होता तिथंच थांबला. मग हळूहळू खाली फरशीवर बसला, हात मांडीखाली घालण्याची धडपड करत, म्हणजे तो दिसणार नाही. आतून नर्सनं पुढचा नंबर पुकारला. ढगवाल्याचाच नंबर होता. ती दोनदा ओरडली, तरी त्यानं तळवे काढले नाहीत.